वजनकाटा कोणाच्या हाती? : खेळाडूंचे खाण्याचे विकार आणि प्रशिक्षकाची सत्ता



कारखान्यांच्या वसाहतीत खेळाडूंच्या जेवणावर व्याख्यान ठेवावे, हे काहींना विचित्र वाटले असेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी आणि टॉवेल बाहेर पडतात, पदके नव्हेत. पण सोलापूरच्या तालमींत, खो-खोच्या मैदानांवर आणि कबड्डीच्या मंडळांत संध्याकाळी घाम गाळणारी कितीतरी मुले लूमवर पाळी करणाऱ्यांच्या घरची असतात. यात्रेतल्या कुस्त्यांच्या फडाला इनाम, स्पर्धेला ढाल आणि संघाला जर्सी देणारे हातही पुष्कळदा कारखानदारांचेच असतात. खेळणाऱ्याचे घर आणि खेळवणाऱ्याचा खिसा असे दोन्ही इथे हजर आहेत, म्हणून हा विषय इथेच बोलण्याजोगा आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. खेळाडूची निवड ज्याच्या हाती आहे, त्याच्या हाती त्या खेळाडूचे वजन आणि ताट असू नये. खेळाडूंमधल्या खाण्याच्या विकारांचे खापर आपण कधी मुलांच्या कमकुवत मनावर फोडतो, तर कधी एखाद्या प्रशिक्षकाच्या कठोर स्वभावावर. माझ्या मते दोष मुख्यतः अधिकारांच्या वाटणीत आहे, आणि ही वाटणी बदलता येते.

सुरुवात सर्वांना आठवणाऱ्या घटनेपासून करू. ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाटने एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. त्यातली पहिली जपानच्या युई सुसाकीविरुद्ध होती, जिला तोवर आंतरराष्ट्रीय लढतीत कोणी हरवलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ५० किलो गटाच्या काट्यावर विनेशचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले. अंतिम लढत गेली, हाताशी आलेले रौप्यही गेले. रात्रभर व्यायाम आणि सौना झाला होता, केस कापले होते, कपडे आखूड केले होते. देशभर त्या १०० ग्रॅमची चर्चा झाली, पण खरी चर्चा व्हायला हवी होती त्याआधीच्या पाच-सहा किलोंची. विनेशचे एरवीचे वजन ५५-५६ किलोंच्या आसपास असे. ५३ किलो गटातली देशाची जागा अंतिम पंघालने आधीच मिळवली होती, म्हणून विनेश ५० किलोंत उतरली. त्यातच जागतिक कुस्ती महासंघाच्या २०१८ पासूनच्या नियमानुसार स्पर्धेच्या दोन्ही सकाळी वजन द्यावे लागते, म्हणजे उतरवलेले वजन दिवसभर झुंजून पुन्हा उतरवायचे. काही दिवसांनी भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्ष पी. टी. उषा यांनी निवेदन केले की कुस्ती, भारोत्तोलन, मुष्टियुद्ध, ज्यूदो अशा खेळांत वजन सांभाळण्याची जबाबदारी खेळाडूची आणि तिच्या प्रशिक्षकाची आहे, संघटनेने नेमलेल्या वैद्यकीय पथकाची नाही. टीकेच्या भडिमारात सापडलेल्या डॉक्टरांच्या बचावासाठी ते निवेदन होते आणि चालत आलेल्या रीतीला धरूनच होते. माझा आक्षेप त्या रीतीलाच आहे. वजनाचा प्रश्न वैद्यकाच्या हातून काढून घेऊन खेळाडू आणि प्रशिक्षक या दोघांच्या खोलीत बंद करून ठेवायचा, हा आपल्याकडचा सर्वमान्य शिरस्ता आहे.

इथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे. विनेशला खाण्याचा विकार होता, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला काही आधार नाही. एका रात्रीत घाम काढून वजन उतरवणे ही एक गोष्ट. महिनोन्‌महिने अन्नाची धास्ती घेऊन जगणे, घास मोजणे, लपून अधाशासारखे खाणे, मग घशात बोट घालून ओकणे किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे, आरशात सतत जाड दिसणे ही वेगळी गोष्ट, आणि खाण्याचा विकार म्हणतात तो हा. पण पहिल्या गोष्टीकडून दुसरीकडे जाणारी वाट चांगलीच मळलेली आहे. नॉर्वेतल्या संशोधक योरुन सुंडगोट-बोर्गन यांनी उच्च दर्जाच्या खेळाडूंचा अभ्यास करून १९९४ मध्ये या विकारांना चालना देणारी कारणे मांडली. दीर्घकाळ चाललेले डाएट, वारंवार खालीवर होणारे वजन, सरावात एकदम झालेली वाढ, दुखापत ही त्यांतली काही, आणि प्रशिक्षक गमावणे हेसुद्धा एक. त्यांनी मोनिका टॉर्स्टवेट यांच्यासह २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत १३.५ टक्के खेळाडूंना खाण्याचे विकार आढळले. सर्वसाधारण लोकांत हेच प्रमाण ४.६ टक्के होते. स्त्री खेळाडूंमध्ये ते २० टक्के, पुरुष खेळाडूंमध्ये ८ टक्के होते. जिम्नॅस्टिक्ससारख्या, शरीर कसे दिसते यावरही गुण मिळणाऱ्या खेळांतल्या स्त्रियांमध्ये ४२ टक्के, तर चेंडूच्या खेळांत १६ टक्के. याचा अर्थ असा की विकार नुसता माणसाच्या मनातून उगवत नाही. खेळ बदलला, वजनाकडे बघण्याची त्या खेळाची रीत बदलली, की प्रमाणही बदलते.

मनाच्या कमकुवतपणाचा मुद्दा निकालात काढणारा पुरावा मात्र खेळाच्या बाहेरचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणूनच त्यांना निवडले होते. वजन पाव हिश्शाने उतरत गेले तशी ही माणसे दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तके वाचू लागली, एकेक घास ताटात घोळवत बसू लागली. काहींचा ताबा सुटून ती चोरून भरमसाट खाऊ लागली आणि नंतर अपराधीपणाने खंगू लागली. एकलकोंडेपणा आणि चिडचिड वाढली. उपासमार आधी झाली आणि मन नंतर बिघडले. खेळाडूच्या बाबतीत हीच उपासमार सरावाच्या आड दडते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस असे नाव दिले. खेळात खर्च होणारी ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या रोजच्या कामांसाठी पुरेशी ऊर्जाच उरत नाही, आणि मग शरीर काटकसर सुरू करते. मुलींची पाळी थांबते, मुलग्यांची संप्रेरके घटतात, हाडे ठिसूळ होतात, त्यांना बारीक तडे जातात, जखमा भरायला वेळ लागतो. हाडांचा बहुतेक साठा विशीच्या आत भरायचा असतो, त्यामुळे पंधराव्या-सोळाव्या वर्षी केलेली ही काटकसर आयुष्यभर भोवते. पाळी थांबली म्हणजे सराव जोरात चालला आहे, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता प्रशिक्षकाकडे वळू. त्याचा शब्द इतका का लागतो? आईने ‘जरा जाड झालीस’ म्हटले तर मुलगी फुरंगटते आणि विसरते. तेच प्रशिक्षक म्हणाला तर तिला त्यात निवडीचा निकाल ऐकू येतो. संघाची यादी त्याच्याकडे असते. आपल्या राज्यात त्या यादीवर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण अवलंबून असतात आणि पुढे सरकारी नोकरीतले पाच टक्के क्रीडा आरक्षणही. लूमवर काम करणाऱ्याच्या घरात ही यादी म्हणजे भविष्याचा दाखलाच. अशा माणसाच्या तोंडून निघालेली साधी टिप्पणीही आज्ञा होते. अमेरिकेची धावपटू मेरी केन हिने २०१९ मध्ये आपला अनुभव जाहीरपणे मांडला. ती सतराव्या वर्षी नायकीच्या नामांकित पथकात दाखल झाली होती. प्रशिक्षक अल्बर्टो सालाझार यांनी तिच्यासाठी ११४ पौंड, म्हणजे साधारण ५२ किलो, हा आकडा ठरवला, सहकाऱ्यांसमोर तिचे वजन केले जाई आणि ते न उतरल्यास तिची शोभा केली जाई, असे तिने सांगितले. तीन वर्षे तिची पाळी बंद होती आणि पाच हाडे मोडली. सालाझार यांनी आरोप नाकारले. पण वादाचा भाग बाजूला ठेवला तरी तिच्या कथनातली रचना पाहण्यासारखी आहे. वजनाचा आकडा ठरवणारा, काट्यासमोर उभा राहणारा आणि शर्यतीला पाठवणारा माणूस एकच होता, आणि त्याच्याविरुद्ध दाद मागायला तिला जागा नव्हती.

इथे तुमच्या रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेतो. टॉवेलच्या कारखान्यात ज्याच्यावर उत्पादनाचा आकडा गाठण्याची जबाबदारी असते, त्याच्याच हाती निर्यातीच्या मालाची अखेरची तपासणी कोणी शहाणा मालक देत नाही. तो माणूस लबाड असतो म्हणून नव्हे. आकडा गाठायची घाई असलेल्या डोळ्याला दोष कमी दिसतात, हे सगळ्यांना कळते. प्रशिक्षकाचेही तसेच आहे. त्याचे नाव, त्याचे मानधन, त्याच्या मंडळाचे अनुदान विजयावर ठरते. उद्याच्या सामन्यासाठी दोन किलो उतरवले की फायदा उद्या दिसतो. हाडाचे नुकसान दिसते पाच वर्षांनी, तेव्हा ती खेळाडू दुसरीकडे कुठेतरी संसार करीत असते. चांगल्यातल्या चांगल्या माणसालाही हा हिशेब चुकीकडे ओढतो. म्हणून प्रशिक्षकांना उपदेश करून हा प्रश्न सुटणार नाही. वजनाचा अधिकारच वेगळ्या हातात द्यावा लागेल.

असे केल्याने फरक पडतो का? पडतो, आणि त्याची उदाहरणे आहेत. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, जेमतेम महिनाभरात, अमेरिकेतले तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवता उतरवता मरण पावले. रबरी कपडे घालून गरम खोलीत व्यायाम आणि पाणी बंद, हाच तो प्रकार. लगेच पुढच्या महिन्यात तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने रबरी कपडे, सौना आणि लघवी वाढवणारी औषधे यांवर बंदी घातली आणि वजन लढतीच्या अगदी आधी करायचे ठरवले. पुढे हंगामाच्या सुरुवातीलाच, अंगात पुरेसे पाणी असताना, चरबीचे प्रमाण मोजून प्रत्येकाचे किमान वजन ठरू लागले. त्याखालच्या गटात उतरता येत नाही, आणि हे मोजमाप प्रशिक्षक करीत नाही. कुस्ती बंद पडली नाही. अमेरिका आजही कुस्तीतली बलाढ्य शक्ती आहे. ब्रिटनमध्ये जिम्नॅस्टिक्समधल्या छळाची चौकशी करणारा अ‍ॅन व्हाइट यांचा अहवाल २०२२ मध्ये आला. वजनावरून अपमान, खाण्याच्या पदार्थांसाठी सामानाची झडती अशा गोष्टी त्यात नोंदल्या आहेत. त्यानंतर २०२३ मध्ये तिथल्या संघटनेने प्रशिक्षकांनी मुलांचे वजन करण्यालाच मनाई केली. सर्वांत बोलका पुरावा पुन्हा नॉर्वेचा आहे. तिथल्या क्रीडाशाळांत वर्षभराचा एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत खेळाडूंना आणि त्यांच्या प्रशिक्षकांना, दोघांनाही, आहार, वजन आणि आत्मविश्वास यांबद्दल शिकवले. बाकीच्या शाळांत नेहमीप्रमाणे चालू ठेवले. पहिल्या शाळांतल्या मुलींमध्ये विकाराचे एकही नवे प्रकरण झाले नाही. दुसऱ्या शाळांतल्या १३ टक्के मुलींना विकार जडला. विकार टाळता येतो, आणि तो टाळण्यात प्रशिक्षकाला सामील करून घेता येते.

आपल्याकडे हा प्रश्न ऑलिम्पिकपेक्षा फार खाली, मंडळाच्या पातळीवर उभा आहे. कबड्डीत किशोर गटाला १६ वर्षे वय आणि ५५ किलो वजनाची मर्यादा असते. कुमार गटाला २० वर्षे आणि ७० किलो. गावोगावच्या स्पर्धांचे फलक तर वजनाच्या आकड्यांनीच ओळखले जातात. मर्यादेमागचा हेतू चांगला आहे, लहान चणीच्या मुलाला दांडग्यापुढे उभे करू नये. पण पंधराव्या वर्षी मुलगा भराभर वाढत असतो. संघातला सर्वांत चांगला चढाईपटू ५७ किलोंवर गेला, की संघापुढे दोनच वाटा राहतात: त्याला वगळायचे, नाही तर ‘वजनात बसवायचे’. बसवायचे म्हणजे रात्रीची भाकरी बंद, पाणी बंद आणि अंगावर दोन-दोन जाकिटे चढवून पळणे. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यातल्या उन्हात, पारा चाळीसच्या वर असताना, हा जिवाशी खेळ आहे. आणि तो यशस्वी झाला तर आणखी वाईट, कारण मुलगा शिकतो की न खाणे म्हणजे शिस्त आणि भूक म्हणजे बेइमानी.

या मांडणीवर जे आक्षेप येतात त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप अभिमानाचा आहे: आमचा वस्ताद पोरांना उपाशी मारत नाही, खाऊ घालतो; दूध, तूप, बदाम, थंडाईचा खुराक ही आमची परंपरा. परंपरा खरी आहे आणि आदर करण्याजोगी आहे. पण ती मातीतल्या कुस्तीत रुजली, जिथे वजन वाढणे हे बळ होते. मॅट आली, वजनी गट आले, तेव्हा त्याच वस्तादावर उलट काम आले आणि त्याचे शिक्षण त्याला कोणी दिले नाही. शिवाय आता तालमीत मुली आहेत. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. पन्नास किलोंच्या मुलीची पाळी चुकली का, हे वस्तादाने विचारावे अशी अपेक्षा ठेवणे त्याच्यावरही अन्याय आहे आणि तिच्यावरही. ते काम दुसऱ्या कोणाचे तरी आहे, एवढेच माझे म्हणणे.

दुसरा आक्षेप: वजन उतरवल्याशिवाय पदक मिळत नाही. खालच्या गटात गेले की प्रतिस्पर्धी लहान मिळतो, हा हिशेब वरवर बिनचूक आहे. पण समोरचाही तोच हिशेब करून खाली आलेला असतो. मग दोघेही अशक्त होऊन भिडतात आणि फायदा कोणालाच होत नाही. आपल्याच मातीतला दाखला पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला ते वरच्या बँटमवेट गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही, चार वर्षांचा अनुभवही त्यात होता. पण वरच्या गटात जाणे म्हणजे पदकावर पाणी सोडणे, ही समजूत मोडायला एवढे पुरे आहे.

तिसरा आक्षेप: हे श्रीमंत देशांचे दुखणे, आमच्या पोरांना मुळात खायलाच कमी, त्यांना कसले खाण्याचे विकार? हा युक्तिवाद उलटा धरला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्या मुलीचा साठा आधीच अपुरा आहे, तिच्या ताटातून एक भाकरी काढली तर नुकसान सुस्थितीतल्या मुलीपेक्षा लवकर आणि खोलवर होते. उपासमार सक्तीची असो की स्वतःहून केलेली, मिनेसोटातल्या तरुणांचे जे झाले ते पाकीट बघून होत नाही. उलट गरिबाघरी ते उशिरा ओळखले जाते, कारण कमी जेवणारी मुलगी तिथे समंजस ठरते.

चौथा आक्षेप व्यवहाराचा: आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? मी मागतो आहे ते महागडे पथक नाही, अधिकारांची फेरवाटणी आहे. हंगामाच्या आधी एकदा कोणत्याही डॉक्टरकडून उंची, वजन आणि हिमोग्लोबिन यांची नोंद आणि ‘याखाली उतरू नये’ असा आकडा, एवढे सरकारी दवाखान्यातही होते. कर्मचारी राज्य विमा योजनेत विमाधारक कामगाराच्या मुलांनाही उपचार मिळतात, तेव्हा ज्यांच्याकडे त्या योजनेचे कार्ड आहे त्यांना खर्चाची सबब नाही. आणि शेवटचा आक्षेप प्रशिक्षकांचा: मुले आमच्यापासून लपवतात, आम्ही काय करणार? लपवणारच. ज्याला कळले तर संघातली जागा जाईल, त्याला कोण सांगेल? ही तक्रार माझ्या म्हणण्याला आधारच देते. निवडीशी संबंध नसलेला माणूस असेल तरच मूल तोंड उघडेल. त्यात प्रशिक्षकाचाही फायदा आहे. जिंकवण्याची जबाबदारी वाहणाऱ्यावर मुलाच्या रक्ताची आणि हाडांची जबाबदारीही टाकायची आणि अपयश आले की दोन्हींसाठी त्यालाच धरायचे, ही आजची रीत त्यालाही जाचक आहे.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे. ते धोरण मंडळापर्यंत झिरपण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही, कारण मंडळाच्या पातळीवर पैसा देणाऱ्याचे ऐकले जाते. स्पर्धेला ढाल आणि इनाम देणाऱ्या कारखानदारांनी आणि वर्गणी काढणाऱ्या कामगारांनी तीन अटी घालाव्यात. वजनी गटातल्या प्रत्येक मुलामुलीचे किमान वजन हंगामाआधी डॉक्टरने लिहून दिलेले असावे आणि त्याखालच्या गटात प्रवेश मिळू नये. स्पर्धेचे वजन चारचौघांत न करता आडोशाला करावे, आणि ते संघाच्या प्रशिक्षकाने किंवा निवड समितीच्या सदस्याने करू नये. हंगामात वाढलेल्या मुलाला वरच्या गटात त्याच मंडळाने जागा द्यावी, म्हणजे वाढणे हा त्याचा गुन्हा ठरणार नाही. या अटी पाळणाऱ्या स्पर्धेत कदाचित पहिल्या वर्षी संघ कमी येतील. पण इनाम मोठे असेल तर दुसऱ्या वर्षी येतील, आणि येताना आपले नियम बदलून येतील. त्यासाठी दिल्लीचा आदेश लागत नाही. पुढच्या स्पर्धेच्या वर्गणीची बैठक बसेल तेव्हा पैसे देण्याआधी हा विषय काढलात, तरी काम सुरू होईल.